जुनी बुलेट घरी उघडताना: तापल्यावर बंद पडणारे इंजिन, तुटलेला स्क्रू आणि न थांबणारी तेलगळती

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांची १९८४ सालची बुलेट ३५० साताऱ्याच्या घरी पडवीत आठ वर्षे झाकून ठेवलेली होती आणि गेले तीन महिने दर रविवारी आपण ती स्वतः दुरुस्त करत आहात. कार्बोरेटर तीन वेळा उघडून साफ केला, प्लग दोनदा बदलला, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर नवे बसवले, तरी गाडी थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते, पंधरा मिनिटे छान चालते आणि मग बंद पडते. अर्धा तास थांबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. मध्येच टायमिंगच्या झाकणाचा एक स्क्रू तुटून आत राहिला, डाव्या बाजूच्या चेनकेसमधून, म्हणजे इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीतून, तेल गळू लागले आणि गेल्या रविवारी किकने उलटा झटका दिल्याने आपल्या घोट्याला मार बसला. हे काम घरी करण्यासारखे आहे का, की मिस्त्रीकडे गाडी टाकून मोकळे व्हावे, असे आपण विचारले आहे.

हे काम घरी होण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेल्या चारही तक्रारी इंजिन न उघडता किंवा फार तर बाजूची झाकणे काढून मिटणाऱ्या आहेत. परंतु ज्या पद्धतीने आपण तीन महिने काम केले, ती पद्धत आधी बदलावी लागेल. चाळीस वर्षांची गाडी समोर असते तेव्हा आपण केवळ तिचा बिघाड दुरुस्त करत नसतो, तर तिच्यावर आजवर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीला तोंड देत असतो. कोणीतरी घाईत ठोकून बसवलेला बोल्ट, वाटेत मिळाला म्हणून लावलेला दुसऱ्याच गाडीचा वायसर, शेलॅक (फटी बुजवणारा चिकट लेप) फासून दडवलेली चीर, हे सगळे आत असते आणि त्यात आपल्या दर रविवारच्या चार बदलांची भर पडते. मग गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली आणि बिघडली तरी कशामुळे बिघडली, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह वहीत लिहावा आणि गाडी चालवून पाहिल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

आता मुख्य तक्रारीकडे वळू. तापल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे याची माझ्या अनुभवात चार कारणे वारंवार आढळतात आणि त्यांतले एकही कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, नसते. कार्बोरेटर हाताशी असतो, दोन नटांवर निघतो, म्हणून सगळे त्याच्यापासूनच सुरुवात करतात. प्रत्यक्षात जेटमध्ये कचरा असता तर गाडीने थंड असतानाही त्रास दिला असता. शिवाय वारंवार उघडण्याचाही दुष्परिणाम असतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

खरी तपासणी गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांतच होते, कारण इंजिन निवले की पुरावा नाहीसा होतो. त्यामुळे प्लगचा पाना, एक जादा प्लग, हातमोजे आणि काचेची लहान बाटली खिशात घेऊन घराजवळच फेऱ्या माराव्यात. गाडी बंद पडताक्षणी पहिले काम म्हणजे टाकीचे झाकण उघडणे. झाकणात हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. गंजाने किंवा पॉलिशच्या मेणाने ते बुजले की पेट्रोल जसे खर्च होते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि दहा-पंधरा मिनिटांत पेट्रोल खाली उतरणे थांबते. झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गाडी सुरू झाली, तर आपले तीन महिने त्या टाचणीएवढ्या छिद्राने खाल्ले, असे समजावे.

तसे झाले नाही तर पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढून काचेच्या बाटलीत सोडावी; मात्र हे तापलेल्या इंजिनापासून बाटली दूर धरून आणि इग्निशन बंद करून करावे. धार अखंड पडायला हवी. ती हळूहळू बारीक होत गेली तर टाकीतला गंज कॉकच्या जाळीवर जमला आहे. बाटली तशीच पाच मिनिटे स्थिर ठेवून तळ पाहावा: पाणी असेल तर पेट्रोलच्या खाली वेगळा थर किंवा पाऱ्यासारखे गोल थेंब दिसतात, आणि गंज असेल तर वीटकरी रंगाची भुकटी बसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे आठ वर्षे उभी असलेली टाकी साफ न करता नुसते नवे पेट्रोल भरले तर त्रास वाढतो. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलने फुगतात आणि आतून सुटतात, तेव्हा नळी नवीनच घ्यावी.

पेट्रोल ठीक असेल तर लगेच ठिणगी पाहावी. हातमोजे घालून प्लग काढावा, टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग हेडला टेकवावा आणि किक मारावी. प्लगचे छिद्र उघडे असते व आतून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या छिद्रापासून लांब टेकवावा. निळसर, जाड, टिचकीसारखा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच येणारी ठिणगी दिसली तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर जातो. कंडेन्सर नवा आहे, असे आपण म्हणाल. पण सध्या बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर हाच या गाड्यांचा मोठा शाप झाला आहे. मल्टिमीटरवर तो थंडपणी साधारण ०.२ मायक्रोफॅरड दाखवतो, सगळे बरोबर वाटते आणि इंजिनाच्या उष्णतेने तापला की आतून सोडून देतो. खूण अशी की पॉइंटचे झाकण काढून पाहिले तर इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये पांढरट निळ्या ठिणग्या उडताना दिसतात आणि पॉइंटच्या तोंडावर काजळी व खड्डा असतो. मी अशा गाड्यांमध्ये कंडेन्सर इंजिनापासून लांब, कॉइलजवळ (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या गुंडाळीजवळ) बसवतो: पॉइंटच्या टर्मिनलपासून एक चांगली वायर वर न्यायची आणि कंडेन्सरचे शरीर फ्रेमला, रंग खरवडून, घट्ट बांधायचे. तिथे तो तापत नाही आणि वाटेत बदलायचा झाला तरी पाच मिनिटांचे काम असते. कंडेन्सर बदलूनही ठिणगी तशीच राहिली तर कॉइल; ती तापल्यावर आतली तार सुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. दुसऱ्या चालू गाडीची कॉइल तात्पुरती लावून पाहणे ही तिची सर्वांत खात्रीची परीक्षा आहे.

चौथे कारण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांडीच्या (पुशरॉडच्या) तळाचा भाग. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पण किक नेहमीपेक्षा हलकी लागते आणि दाब जाणवत नाही, तर टॅपेट आवळून बसवलेले आहेत आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बुलेटच्या या इंजिनात फट मोजणारे फीलर गेज लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून, टॅपेटचे झाकण काढावे आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवावा. तो बोटांनी अलगद फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. धुराच्या बाजूचा किंचित जास्त मोकळा ठेवला तरी चालतो. पुशरॉडच्या तळाशी जागा अरुंद आहे, त्यामुळे पातळ पाने लागतात, आणि लॉकनट आवळताना माप हमखास सरकते. म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहावे, चुकले असेल तर पुन्हा सोडावे. हे काम मला आजही दोन-तीन प्रयत्नांशिवाय मनासारखे जमत नाही, तेव्हा पहिल्यांदा तासभर गेला तर त्यात काहीही चूक नाही.

किकच्या उलट्या झटक्याची बाब मात्र या सगळ्याच्या आधी हाताळावी, कारण त्यात पाय मोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ठिणगी प्रमाणापेक्षा लवकर पडली की पिस्टन वर पोहोचण्याआधीच खाली ढकलला जातो आणि किकचा दांडा पायावर येतो. नवे पॉइंट बसवताना आपण फट मोठी ठेवली असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आपोआप पुढे सरकते, फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. दुसरी गोष्ट, पॉइंटच्या खाली वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी दोन वजने असतात. आठ वर्षांत त्यांच्यातले ग्रीस वाळून ती उघड्या स्थितीत अडकली असण्याची शक्यता मोठी आहे. पॉइंटचा कॅम बोटांनी पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने झटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर वजने रॉकेलने धुवून, एक-एक थेंब तेल घालून मोकळी करावीत. त्यानंतरच टायमिंग लावावे: वजने मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी सुमारे ०.८ मिलिमीटरवर पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. उघडण्याचा क्षण डोळ्यांनी ठरवू नये. पॉइंटचे टर्मिनल आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये गाडीच्या बॅटरीच्याच व्होल्टचा एक लहान बल्ब जोडावा. इग्निशन चालू असताना पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तसेच किक मारण्याआधी सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे नेण्याची आणि अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणण्याची सवय वडिलांना असणार. ती पाळावी आणि पायात जाड बूट घालावेत.

आता तुटलेल्या स्क्रूविषयी, कारण घरी काम करणाऱ्यांचा धीर सुटतो तो इथेच, आणि यामागे एक कारण आहे जे फारसे कोणी समजावून सांगत नाही. बुलेटचा आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा. मद्रासला १९५५ मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा इथे सुटे भाग आणून गाड्या जोडल्या जात. पुढे यंत्रसामग्रीही तिकडून आली आणि तिच्याबरोबर इंची मापेही आली. नंतर हळूहळू मेट्रिक माप शिरले. त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे बोल्ट सापडतात. व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापात पान्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते; त्यामुळे पाव इंची व्हिटवर्थचा पाना मापला तर १३.३ मिलिमीटर भरतो. म्हणजे १३ चा पाना त्या नटावर बसत नाही आणि १४ चा बसतो तो कोपरे खाऊन घसरतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रात जे गोल झालेले नट दिसतात, ते सगळे १४ च्या पान्याचे बळी आहेत. व्हिटवर्थ पान्यांचा जुना संच मिळवावा; पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात शोधल्यास तो सापडतो. या कामासाठी करण्यासारखा तोच पहिला खर्च आहे.

यापेक्षा घातक प्रकार आट्यांचा आहे. पाव इंच जाडीच्या आणि इंचाला २६ आटे असलेल्या छिद्रात सहा मिलिमीटरचा नेहमीचा मेट्रिक बोल्ट सहज जातो, कारण दोन्हींच्या आट्यांमधले अंतर जवळजवळ सारखे आहे: एकाचे ०.९८ मिलिमीटर, दुसऱ्याचे १ मिलिमीटर. पण इंची छिद्र ६.३५ मिलिमीटरचे आणि बोल्ट ६ चा, त्यामुळे आटे फक्त टोकाटोकांना धरतात. बोल्ट हाताने फिरतो, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो, आणि थोडा जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे बारीक स्प्रिंगसारखे बाहेर येतात. मागे कोणीतरी असा बोल्ट लावलेला असतो आणि आटे गेल्याचा दोष मात्र शेवटी आवळणाऱ्या माणसाच्या माथी येतो. प्रत्येक छिद्रातला बोल्ट काढल्यावर आट्यांमधले अंतर मोजणारे पिच गेज लावून आणि जाडी मोजून पाहावी, आणि पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ज्या त्या जागी तो तो बोल्ट खोचून ठेवावा. टायमिंगच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतील तर लांब स्क्रू उथळ छिद्रात गेल्यावर काय होते, हे आपण अनुभवलेच आहे.

आत राहिलेला तुकडा काढण्यासाठी स्वतः ड्रिल मारू नये, ही माझी आग्रहाची विनंती. पोलादी तुकड्यावरून ड्रिल घसरते आणि शेजारचे मऊ ॲल्युमिनियम खाते. मग छिद्र वाकडे होते आणि पुढचे सगळे काम महाग होते. तुकडा पृष्ठभागाच्या वर किंवा बरोबरीने असेल तर चांगल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यावर एक नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगची उष्णताच आटे सोडवते आणि नट निवताना हळूहळू मागे-पुढे हलवला की तुकडा बाहेर येतो. त्याआधी बॅटरी पूर्ण सोडवावी, टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि सांडलेले पेट्रोल, तेल, चिंध्या तिथून हलवाव्यात. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळ मापाचाच स्क्रू लावता येतो. एक माप मोठा टॅप मारून जाड बोल्ट घालण्याची युक्ती कोणी सुचवली तरी स्वीकारू नये, कारण पुढच्या माणसाला पुन्हा हाच त्रास होतो, आणि तो पुढचा माणूस बहुधा आपणच असतो.

चेनकेसची गळती त्या मानाने सोपी आहे. डाव्या बाजूचे ते मोठे झाकण मधल्या एकाच नटावर धरलेले असते आणि सील रबराचे असते. गळती दिसली की सगळे तो नट आणखी आवळतात. त्याने झाकणाचा मधला भाग आत दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. नवे रबर घ्यावे, खाच स्वच्छ पुसावी, झाकणाची कड सपाट काचेवर टेकवून वाकलेली नाही ना ते पाहावे आणि नट बेताने आवळावा. तेलही पातळीच्या स्क्रूपर्यंतच भरावे. बाकीच्या पॅकिंगना शेलॅकचा जाड थर देऊ नये, विशेषतः टायमिंगच्या झाकणाला, कारण बिग एंडला (पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला) तेल नेणारा मार्ग त्याच झाकणातून जातो आणि आत गेलेला शेलॅकचा गोळा तो मार्ग बंद करू शकतो. झाकण बसवल्यावर फिल्टरची पोकळी तेलाने भरून घ्यावी आणि इंजिन सुरू झाल्यावर वर रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पोहोचते आहे का ते पाहावे. तेल आले नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

जुन्या दुरुस्त्यांबद्दल मी कठोर लिहिले, पण सगळ्याच वाईट नसतात. माझ्याकडे आलेल्या एका बुलेटच्या टॅपेटच्या झाकणाखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कापलेले पॅकिंग निघाले. त्यावरची सोनेरी अक्षरे अर्धी वाचता येत होती आणि ते एक थेंबही गळत नव्हते. ज्याने ते कापले त्याने कडा कात्रीने नव्हे, तर झाकणावर कागद ठेवून लहान हातोडीने ठोकत उमटवल्या होत्या. असे काही आपल्याला वडिलांच्या गाडीत सापडले तर ते नीट काम करत असेपर्यंत बदलू नये.

आता कार्बोरेटर वारंवार उघडण्याचा दुष्परिणाम. त्याचे दोन नट दर वेळी जोराने आवळल्याने तोंडाची पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि फटीतून हवा शिरते. मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते आणि थ्रॉटल सोडल्यावरही आवाज लगेच खाली येत नाही. गाडी मंद चालू असताना त्या जोडावर ब्रशने इंजिन ऑइलचे चार थेंब लावावेत. आवाजात फरक पडला तर हवा शिरते आहे. कार्बोरेटर उतरवून, काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्यावर पट्टी गोल फिरवत घासावी. सुरुवातीला फक्त दोन टोकेच चकाकतात, आणि संपूर्ण पृष्ठभाग सारखा चकाकू लागला की थांबावे. स्लो जेटमध्ये सुई किंवा तार घालून ते साफ केले असेल तर छिद्र मोठे झालेले असते. ते जेट टाकून नवे घ्यावे आणि यापुढे फक्त हवेच्या दाबाने साफ करावे.

मिस्त्रीकडे किंवा लेथवर काय द्यावे, तेही स्पष्ट सांगतो. बोअर आणि पिस्टन, बिग एंड, व्हॉल्व्ह सीट कापणे आणि वेल्डिंग ही चार कामे घरी होत नाहीत. बाकीचे सर्व आपण करू शकता. ब्रेक उघडाल तेव्हा जुन्या लायनिंगची धूळ तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि कोणी स्वस्तात दुसरा क्रँककेस देऊ केला तर घेऊ नये: इंजिन क्रमांक त्यावरच कोरलेला असतो, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओकडे नेताना तो क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळावा लागतो.

येत्या रविवारी आधी ती दोन वजने आणि पॉइंटची फट पाहावी, कारण त्याशिवाय किक मारणे धोक्याचे आहे. ते झाल्यावर टाकीचे झाकण आणि बाटलीची परीक्षा करावी, आणि गाडी बंद पडल्यावर ठिणगीचा रंग कोणता होता ते वहीत लिहून कळवावे. कंडेन्सरला हात त्यानंतरच लावू.